चपराशाच्या अंगावरची खूण

माझं अक्षर चांगलं होतं आणि तेच आमच्या घराच्या मुळावर आलं. "मोत्यावाणी अक्षर हाय पोरीचं," असं गावातला जो तो म्हणायचा, आणि मीही शेफारले होते, खोटं कशाला बोलू. सातवीतल्या पोरीला चार माणसांनी चारदा असं म्हटलं की तिचे पाय जमिनीवर राहत नाहीत. माझे तर अजिबात नव्हते.

आमचं गाव मुरूम या बाजारगावापासून दोन कोसांवर. शाळा सातवीपर्यंतची, गावकऱ्यांनी वर्गणी करून उभी केलेली. पोलीस अॅक्शन झाली, निजामी गेली, राज्य बदललं, काही वर्षांनी पुन्हा बदललं. पण शाळेचे पत्रे तेच राहिले आणि चपराशाचा पगारही तोच राहिला. त्या शाळेत आप्पा, म्हणजे माझे वडील, चपरासी होते. कागदावर होते. कामाला जायची माझी माय.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं आम्ही सरकारला टोपी घातली. मी पहिलीत असताना आप्पांची नजर कमी व्हायला लागली. निजामीपासूनची रीत अशी होती की नोकरीवरचा माणूस आजारी पडला तर घरातलं दुसरं कुणीतरी 'एवजी' म्हणून उभं राहायचं. भाऊ असला तर भाऊ, पोरगा असला तर पोरगा. आमच्याकडं दोन्ही नव्हते, म्हणून माय उभी राहिली. नाव आप्पांचं, काम मायचं. वर्ग झाडायचे, विहिरीवरून शेंदून रांजण भरायचे, शनिवारी वर्ग शेणानं सारवायचे, तासातासाला घंटी द्यायची. गावाला हे माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, आणि यात काही लपवण्यासारखं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पगार मात्र असा की सांगायलाही लाज वाटावी. गावाच्या शाळा-कमिटीकडं पैसे असले तर मिळायचा, नसले तर कमिटीतला एखादा सावकार पायलीभर ज्वारी घालायचा आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. मी सातवीत गेले त्याच्या तीन वर्षं आधी हेडमास्तरांनी सरकारला दरखास्त पाठवली होती, की मास्तरांचे आणि चपराशाचे पगार सरकारी ग्रँटमधून मिळावेत, सरकारी शाळेत मिळतात तेवढे मिळावेत. तेव्हापासून मायच्या तोंडी एकच वाक्य होतं. "पगार वाढू दे, की तुमास्नी सोलापूरला नेते." सोलापूरला डोळ्यांचे मोठे डॉक्टर होते. आप्पांना मोतीबिंदू आहे, तो काढला की लख्ख दिसेल, असं गावातल्या सगळ्या जाणत्यांनी ठरवून टाकलं होतं. आप्पा म्हणायचे, "घाई न्हाय. धूसर दिसतंय की अजून." माय ते ऐकून आणखी दोन घागरी जास्त आणायची.

तर तीन वर्षांनी एकदाचं उत्तर आलं. ग्रँट द्यायचं सरकारच्या मनात आहे. शाळेतल्या प्रत्येक नोकराची माहिती छापील फॉर्मात भरून तीन प्रतींत पाठवा. तपासणीचे साहेब येऊन माणसं समक्ष बघतील, फॉर्माशी ताडून पाहतील, मग वाढीव पगाराचा हुकूम निघेल. हेडमास्तरांचा हात लिहिताना कापायचा. त्यांनी मला वर्गातून बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं, खरोखरीच्या खुर्चीवर, आणि टाक हातात दिला.

मास्तरांचे फॉर्म त्यांनी मला सगळे सांगून लिहवले. आप्पांचा फॉर्म शेवटी आला. नाव, गाव, उंची, कधीपासून नोकरी, सगळं त्यांनी सांगितलं. एक रकाना होता, 'अंगावरील ओळखीची खूण'. तेवढ्यात बाहेर कमिटीचं कुणीतरी आलं आणि हेडमास्तर उठता उठता म्हणाले, "चपराशाच्या अंगावरची खूण काय ती तूच लिही. घरचंच तर आहे तुझ्या."

आता मला सांगा, शाळेत बसलेल्या पोरीला 'चपरासी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येणार? मला आठवतंय तेव्हापासून घंटीच्या दोरीवर एकच हात होता. मी जराही न अडखळता लिहिलं, 'उजव्या मनगटावर तुळशीचे गोंदण, त्याखाली पाच टिपके.' तिन्ही प्रतींत लिहिलं. तुळशीतल्या 'शी'ला तर मी अशी काही वेलांटी दिली की स्वतःच दोन वेळा मागं सरून पाहिली. हेडमास्तर आले, त्यांनी न वाचता सह्या ठोकल्या, पाकीट बंद झालं आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालानं गेलंही.

चार दिवसांनी संध्याकाळी आप्पा ओट्यावर वाती वळत बसले होते. ते काम त्यांना हातानंच जमायचं. मला म्हणाले, "फॉर्मात माझं काय काय लिहिलंस ते सांग की." मी शाळेत कविता म्हणतात तसं उभं राहून सगळं म्हणून दाखवलं. खुणेपर्यंत आले तेव्हा त्यांचे हात थांबले.

"पोरी, माझ्या मनगटावर गोंदण कुठाय गं?"

मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. कोरं होतं. आत चुलीपुढं मायनं ऐकलं होतंच. ती बाहेर आली, आधी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं, आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी ओट्यावरून खाली गेले. "आग लाव तुझ्या अक्षराला! बाप्याच्या अंगावर तुळस लिवून आली, भवाने!" मला मारल्यावर ती स्वतःच मटकन खाली बसली. मी रडत होते. आप्पा मात्र हसायला लागले आणि मायचा पारा आणखी चढला. "हसताव काय? ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी आम्ही दोघी हेडमास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. नवीन फॉर्म पाठवावा तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं तर वरून विचारणार, की ही तुळस लिहिली ती आहे कुणाच्या हातावर? म्हणजे मग एवजीचं सगळं बाहेर येणार. निजामीत जे चालायचं ते आता चालत नाही, आता त्याला लबाडी म्हणतात, हे त्यांना कळत होतं. आमची एक लबाडी सापडली की सगळ्या शाळेची ग्रँट अडकणार. त्यांच्या स्वतःच्या घरात दोन पोरी लग्नाच्या होत्या आणि तेही त्या पगारवाढीकडंच डोळे लावून बसले होते. मला रागावायचं सोडून ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मी वाचून पाहायला हवं होतं. आता कागद काही बदलता येत नाही."

माय उठली. "कागद बदलत न्हाय तर मनगट बदलू," म्हणाली.

मला वाटलं ती रागानं बोलली. तसं नव्हतं. मुरूमच्या बाजाराला सुया-बिब्बे विकणाऱ्या बायका यायच्या, त्यांतली एक गोंदायची. बाजाराच्या दिवशी माय, आप्पा आणि मी बैलगाडीत बसून गेलो. गोंदणारीनं एका लिंबाखाली पथारी पसरली होती. मायनं तिला सांगितलं, ह्यांच्या मनगटावर तुळस काढ, खाली पाच टिपके. ती बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगं बया! बाप्याला तुळस? बाप्यानं मारुती काढावा, न्हायतर नाव काढावं. तुळस बायांची." शेजारचे बांगड्यावाले, मिरच्यावाल्या, सगळे मान वळवून बघायला लागले. गावातलं कुणी पाहिलं आणि बोभाटा झाला तर साहेबांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार होता?

माय काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "नवस बोललोय मावशे. देवाच्या कामाला बाई-बाप्या कुठला आलाय?" बाईला ते पटलं. नवस म्हटल्यावर आपल्याकडं कुणी पुढं विचारत नाही.

तिनं काजळ खललं, सुया काढल्या. मायनं आपलं मनगट आप्पांच्या मनगटाला लावून धरलं, म्हणजे बघून तसंच उतरवता येईल. सुई टोचायला लागली तेव्हा आप्पांनी डावा हात पुढं केला आणि मायच्या मनगटावर बोटं फिरवत राहिले, पान कुठं, खोड कुठं, असं बघत असल्यासारखे. रक्ताचे बारीक थेंब येत होते. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी मात्र मान फिरवून मिरच्यांच्या ढिगाकडं पाहत बसले, कारण त्यांना टोचणारी प्रत्येक सुई मीच लिहिलेली होती.

पुढचे तीन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. गोंदण सुजलं, त्यात पू झाला. माय हळद-तेल लावायची आणि रोज उजेडात धरून बघायची, जुनं दिसतंय का. जुनं कसलं दिसतंय! वर खपली, खाली लाल कातडं. साहेब आज आले तर? आणि आज नाही, पण उद्या आले तर? दोनदा मुरूमहून कुणीतरी सायकलीवर सांगत आलं, "दिपोटी निघालाय!" दिपोटी म्हणजे तेच तपासणीचे साहेब. दोन्ही वेळा आम्ही वर्ग सारवले, रांजणांना गेरू लावला, मुलांना आंघोळी घालून बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत कुणीही आलं नाही. भीती एकदाची येऊन जावी तर तीही येईना.

तेवढ्या दिवसांत आप्पांना चपरासी व्हायला शिकवावं लागलं. फाटकापासून घंटीपर्यंत मायनं दोन्ही बाजूंनी दगड मांडले आणि त्यांना चुना दिला. बघणाऱ्याला वाटावं शाळा सजवलीय. आप्पा त्या दगडांना पायाची कड लावत लावत जायचे. मी त्यांच्यापुढं चालायची आणि खोकून वळण सांगायची. घंटीपाशी ते अचूक उभे राहायचे, दोरी अचूक धरायचे. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, म्हाताऱ्याला चांगलं दिसतंय. खरं तर ते म्हातारेही नव्हते. मायला हे सगळं पाहून उलट आशाच वाटायची. "बघ," मला म्हणायची, "थोडं दिसतंय म्हणून तर चालत्यात. आता एकदा सोलापूर गाठलं की झालं."

मास्तर लोक मला काही बोलायचे नाहीत, तेच जास्त लागायचं. फक्त एकदा गणिताचे मास्तर फळा पुसता पुसता पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या एका ओळीवर आमचे सगळ्यांचे पगार टांगलेत बघ." सगळा वर्ग हसला. मी दप्तरात डोकं घालून बसले. त्या दिवशी घरी येऊन मी माझा टाक चुलीत घालायला निघाले होते. मायनंच हिसकावून घेतला. "आता जाळून काय उपेग? तवा हात जळायला पायजे होता," म्हणाली आणि टाक फळीवर ठेवून दिला.

साहेब आले ते कुणालाही कळवल्याशिवाय, मंगळवारी सकाळी, जीपमधून. पुण्याकडचे होते, बोलणं मऊ, हातात रुमाल. मला वाटलं होतं तसे मिशाळ आणि तांबड्या डोळ्यांचे अजिबात नव्हते. त्यामुळं मी आणखीच घाबरले. ओरडणाऱ्या माणसाची चाल कळते, मऊ बोलणाऱ्याची कळत नाही. माय रांजणांच्या खोपटाआड जाऊन उभी राहिली. आप्पांनी तास संपल्याची घंटी दिली. साहेबांनी वर्ग बघितले, मुलांना पाढे विचारले, मास्तरांना एकेक करून बोलावलं आणि फॉर्माशी ताडून पाहिलं. मग हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या पडवीत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "चपराशाला बोलवा."

आमचा वर्ग पडवीला लागूनच होता. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. आप्पा येऊन हात जोडून उभे राहिले. साहेबांनी नाव विचारलं, नोकरी कधीपासून ते विचारलं. मग म्हणाले, "उजवा हात दाखवा." आप्पांनी दाखवला. साहेबांनी मनगट आपल्या हातात घेतलं, बोटानं खपलीची कड जराशी उचलून पाहिली.

"हे तर ताजं आहे."

हेडमास्तर घाईनं म्हणाले, "जुनंच आहे साहेब. पुसट झालं होतं, परवा परत गिरवून घेतलं." हेडमास्तरांसारखा माणूस खोटं बोलतोय हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी फॉर्म उचलला आणि आप्पांच्या पुढं धरला. "हा घ्या, आणि त्या टेबलावर ठेवा."

आप्पा हात जोडून तसेच उभे. फॉर्म त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी हात पुढं केला, तो फॉर्माच्या खालून गेला. मी खिडकीचा गज घट्ट धरला. मला खोकायचं होतं, वर, थोडं वर, असं सांगायचं होतं, पण साहेबांच्या देखत खोकायचा धीर झाला नाही. साहेब फॉर्म धरून बसले होते. हेडमास्तर जमिनीकडं पाहत होते.

खोपटाआडून माय आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. "दिसतंय साहेब त्यास्नी," म्हणाली. "धूसर दिसतंय. मोतीबिंदू हाय. पगार वाढला की सोलापूरला न्यायचंय. बरं झालं की करतीलच ना काम." हे सांगताना तिनं हात जोडले आणि तिच्या उजव्या मनगटावरची तुळस, जुनी, हिरवट, पाच टिपक्यांची, साहेबांच्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी फॉर्म वाचला, तिच्या हाताकडं पाहिलं, मग आप्पांच्या हाताकडं पाहिलं. सगळं त्यांना तिथंच उमगलं असणार.

"इथं काम कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"म्या करते. पर नोकरी त्यांची हाय."

साहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, "मी हे लिहून नेलं तर शाळेची ग्रँट जाईल. ते मला करायचं नाही. पण हा माणूस चपरासी म्हणून मी मंजूरही करू शकत नाही. आता एकच विचारतो, आणि खरं सांगा. ह्यांना थोडं दिसत असेल, औषधानं बरं होण्यासारखं असेल, तर ह्यांना बिनपगारी रजा द्यावी लागेल. रजेच्या जागेवर जी बाई काम करेल तिला कमिटी देईल ते मिळेल. वाढीव पगार मिळणार नाही. आणि कायमचंच दिसत नसेल, तर जागा रिकामी झाली असं लिहिता येतं. मग त्या जागेवर बाईंची नेमणूक होईल, स्वतःच्या नावानं, वाढीव पगारावर."

"दिसतंय," माय पुन्हा म्हणाली. तिला त्यातलं अर्धंच कळलं होतं, की दिसत नाही म्हटलं तर यांची नोकरी जाते. "दिसतंय साहेब, देवाशप्पत. आज सकाळीच म्हणले, हिरवं लुगडं नेसलीस व्हय, बरं दिसतंय. इचारा त्यास्नी."

मी खिडकीतून ते ऐकलं. रोज सकाळी तोंड धुताना आप्पा मला हळूच विचारायचे, "आज मायनं कुठलं लुगडं नेसलंय गं?" मी सांगायची. कशाला विचारतात असं मला कधी वाटलंच नाही. मला तो त्यांचा लाडाचा खेळ वाटायचा.

आप्पांनी हात खाली घेतले. "न्हाय दिसत, साहेब," म्हणाले. "धूसर बी न्हाय. दोन वर्सं झाली. ऊन पडलंय का सावली, ते अंगाला लागतं तेवढंच कळतंय. हिला म्या खोटं सांगत आलो. लिवा तुमी. कायमचं गेलंय म्हणून लिवा."

माय त्यांच्याकडं बघत उभी राहिली. तिच्या ओल्या हातांवरचं पाणी पडवीच्या फरशीवर पडत होतं. मला वाटलं होतं ती त्यांच्या अंगावर धावून जाईल. ती म्हणाली, "दोन वर्सं?" एवढंच.

साहेबांनी कोरा कागद मागितला. हेडमास्तरांचा हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मला नाही म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. 'दोन्ही डोळ्यांनी कायमचा अंध झाल्यामुळे मी नोकरी सोडत आहे,' हे मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. आप्पांचा अंगठा मीच धरून शाईत बुडवला. मग दुसऱ्या फॉर्मावर मायचा अंगठा घेतला. खुणेच्या रकान्यात काय लिहायचं ते साहेबांनी मला जुन्या फॉर्मातल्या तुळशीच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. जीप गेली. घंटीची वेळ उलटून गेली होती, हे आप्पांनीच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी घरी माय बोलली. दोन दिवस धरून ठेवलेलं एकदम बोलली. "म्या रोज मरमर पानी भरलं ते कशासाठी? तुमचं डोळं यावं म्हणून. आन् तुमी गप बसलाव? एक डाव तरी म्हणायचं, वाढतंय गं, अंधार वाढतोय!" आप्पा खाली मान घालून म्हणाले, "म्हणून काय केलं असतंस? पगार वाढू दे, पगार वाढू दे म्हणायचीस. पगार वाढंना. तुझ्या जिवाला आनिक एक घोर कशाला लावू?" मीच त्यांचे डोळे होते, तरी मलाही त्यांनी फसवलं, याचा मला त्यांच्यावर राग आला. तो राग अजून गेलेला नाही. ते गेले तरी गेलेला नाही.

आठ महिन्यांनी हुकूम आला. मास्तरांचे पगार वाढले, मायचाही वाढला. खरोखरच वाढला, तिप्पट म्हणा ना. पहिला वाढीव पगार हातात पडला तशी माय म्हणाली, चला सोलापूरला. आप्पा नको म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले. म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू. गेलेली नजर यात परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं कदाचित टिकवता आलं असतं. माय उभीच होती. तीन वर्षांपूर्वी म्हणजे केव्हा, हे तिला कुणी मोजून सांगायची गरज नव्हती. तेव्हा आमच्या शाळेची दरखास्त सरकारात जाऊन पडली होती.

पुढं मायनं वीस वर्षं नोकरी केली. तेवढ्या काळात पगार आणखी दोनदा वाढला. हुकूम आला की शाळेत पेढे वाटले जायचे. हेडमास्तर बदलले, नवे आले. ते मोठ्या आवाजात हुकूम वाचून दाखवायचे. तेव्हा मीही त्याच शाळेत मास्तरीण झाले होते आणि तिच्या शेजारी उभी असायची. माय पेढा हातात घ्यायची, खायची नाही. वाचून झालं की विचारायची, "कवापास्नं लागू?" हेडमास्तर तारीख सांगायचे.

"आन् त्याच्या आधीचं?"

"आधीचं नसतं बाई. हुकमाच्या तारखेपासूनच मिळतं," ते म्हणायचे. माय बरं म्हणायची, अंगठा द्यायची आणि पाणी भरायला जायची.